अप्पा दमत नाहीत

माझे सासरे कधीही दमत नाहीत. त्यांना फक्त अचानक एखाद्या गोष्टीत रस वाटायला लागतो.

टेक्सासमधल्या आमच्या अर्विंग गावच्या इंडियन ग्रोसरीत ते ताठ मानेनं शिरतात. तिसऱ्या रांगेपाशी लोणच्यांच्या बरण्यांसमोर थांबतात, कमरेत वाकतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "एक मिनिट. हे वाचण्यासारखं आहे." मग मोहरीपासून सायट्रिक ॲसिडपर्यंत लोणच्यात काय काय आहे ते सगळं वाचून होतं. पाच मिनिटांनी ते सरळ होतात आणि पुढे निघतात, ते थेट पापडांपर्यंत.

पार्किंग लॉटमधले नियम, लिफ्टच्या तपासणीचं सर्टिफिकेट, आग लागल्यास काय करावे, हरवलेल्या मांजराची जाहिरात, अप्पांनी सगळं वाचलेलं आहे. आमच्या कॉलनीतली तीन हरवलेली मांजरं त्यांना नावानिशी ठाऊक आहेत.

खरी गोष्ट अशी की अप्पांच्या मणक्यात नसांची वाट अरुंद झाली आहे. शंभरेक पावलं टाकली की पाय बधिर होतात. पुढे वाकून थोडं थांबलं की पुन्हा चालू. ऑपरेशन करायचं तर हृदय तेवढं धड नाही. भूल देण्यात धोका आहे, असं एका भूलतज्ज्ञानं त्यांना सांगितलं. अप्पा स्वतः तीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. त्यांना त्यातला विनोद कळला, पण आवडला नाही.

तेव्हापासून सहा वर्षं त्यांनी 'दमलो' हा शब्द उच्चारलेला नाही. 'वॉकर', 'व्हीलचेअर' हे शब्द तर आमच्या घरात शिवीसारखे, दबक्या आवाजात म्हणायचे.

अशा माणसाला घेऊन जपानला जायचं माझ्या बायकोनं, म्हणजे मेघनानं, ठरवलं. निमित्त त्यांच्या पंचाहत्तरीचं, पण खरी इच्छा माईंची, माझ्या सासूबाईंची. टेक्सासच्या चिकट मातीत माईंनी वीस वर्षं खपून एक छोटी बाग उभी केली आहे. जपानची एक तरी बाग डोळ्यांनी बघायची, एवढं एकदा त्या बोलल्या होत्या. मेघनानं ते ऐकून ठेवलं होतं.

"जाऊ की," अप्पा म्हणाले. "तिथे चालायला फार चांगलं आहे म्हणतात."

हे ऐकून मी आणि मेघना दोघंही तीन रात्री नीट झोपलो नाही.

मेघनानं एअरलाइनला सांगून व्हीलचेअर बुक केली, आणि हे अप्पांना सांगायचं काम माझ्यावर टाकलं. मी सांगितलं नाही. एअरपोर्टवर एक हसतमुख माणूस खुर्ची घेऊन समोर आला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, खांद्यावरची बॅग काढून अलगद खुर्चीत ठेवली आणि तिचा पट्टासुद्धा लावला.

"निखिल, फार चांगलं केलंस. ही बॅग जड झाली होती."

संपूर्ण एअरपोर्टभर त्या माणसानं आमची बॅग ढकलत नेली. अप्पा एका हातानं खुर्चीची कड धरून बाजूनं चालत होते आणि मधूनमधून थांबून बॅग नीट बसली आहे ना ते वाकून बघत होते. आम्हाला रांगेत न थांबता पुढे सोडलं. बॅगेची तब्येत बरी दिसत नसावी.

टोकियोत माझी भीती अशी की तिथे अप्पा वाचणार काय? सगळं जपानीत. पण पहिल्याच दिवशी एका मोठ्या पाटीसमोर ते वाकले. "एक मिनिट. हे वाचण्यासारखं आहे."

बारा वर्षांची माझी लेक ईशा म्हणाली, "आजोबा, यू कान्ट रीड जॅपनीज."

"म्हणून तर वेळ लागतोय," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना मोठाच शोध लागला. एका दुकानापाशी पाय बधिर झाले म्हणून ते पुढे वाकले, तर दारातला म्हातारा दुकानदार त्यांना उलट वाकून नमस्कार करता झाला. अप्पा सरळ झाले, सभ्यतेनं पुन्हा वाकले. तोही वाकला. असं सातआठ वेळा झालं. शेवटी अप्पा टवटवीत होऊन निघाले आणि मला म्हणाले, "काय देश आहे! उभ्यानं विश्रांतीची सोय."

पुढे दोन दिवस ते जपानला मनापासून नमस्कार करत हिंडले. हॉटेलचा दरवान, बसचा ड्रायव्हर, एकदा तर शीतपेयांचं मशीन. आम्ही हसत होतो. पण आमचं हसणं कमी कमी होत चाललंय, हे मला जाणवत होतं. शंभर पावलांची आता साठ झाली होती. ईशा कंटाळून पुढे जायची, मेघना तिच्या मागे धावायची, मी मध्ये उभा राहून दोन्हीकडे बघायचो. माई अप्पांच्या शेजारी थांबायच्या. एका देवळाच्या पायऱ्यांवरून आम्ही वर जाऊन आलो, तर त्या खालीच.

"मी थांबते यांच्याबरोबर. देवळं काय, सगळी सारखीच."

क्योटोत पाचव्या सकाळी, ब्रेकफास्टच्या वेळी, भडका उडाला. हॉटेलच्या काउंटरवर घडीची व्हीलचेअर मिळते असं मेघनाला कळलं होतं. आज बागेला जायचं होतं. तिनं तीन वाक्यांची प्रस्तावना केली आणि विचारलं. अप्पा पाव कुरतडत म्हणाले, "कुणाला लागतेय?"

"तुम्हाला, अप्पा. तुम्हाला लागतेय!" मेघनाचा आवाज चढला. "आम्ही सगळे प्रिटेंड करून दमलोय. तुम्ही नाही दमत, ओके, पण आम्ही दमलोय!"

ईशानं मान खाली घातली. माईंनी चहाचा कप ठेवला, उचलला, परत ठेवला. अप्पांनी पाव बशीत ठेवला. उठले, लॉबीत गेले आणि दाराशी जाऊन आमची वाट बघत उभे राहिले. खुर्ची काउंटरपाशीच राहिली.

स्टेशनवर मेघना, माई आणि ईशा तिकिटं आणि खायचे डबे घ्यायला गेल्या. लिफ्ट स्टेशनच्या पार दुसऱ्या टोकाला होती, म्हणून मी अप्पांना घेऊन हळूहळू पुढे निघालो. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. एका खांबापाशी अप्पा थांबले. मी सवयीनं पाटी शोधली. खांब कोरा होता. मी काही बोलणार, एवढ्यात त्यांचे गुडघे दुमडले आणि ते खांबाला टेकून सरळ खाली बसले.

"अप्पा! छातीत दुखतंय का? ॲम्ब्युलन्स बोलावू?"

"छाती ठीक आहे. पाय गेलेत. येतील." मग थोड्या वेळानं, "इथं वाचायला काही नाही रे."

मी त्यांच्यासमोर उभा. शेवटी सहा वर्षांत न विचारलेलं विचारलं, "अप्पा, एवढं काय आहे त्या खुर्चीत?"

ते समोरून जाणाऱ्या लोकांच्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं मी माणसांना झोपलेलं बघितलं. स्ट्रेचरवर घातला की माणूस संपतो बघ. बडा वकील असो, नाहीतर कॉलेजचा प्रिन्सिपॉल. आडवा झाला की कुणी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलतात. 'ह्यांना पाणी दिलं का? ह्यांना कुठे न्यायचंय?' मीसुद्धा तसाच बोलायचो. आता माझ्या डोक्यावरून मेघना तुला विचारणार, 'अप्पांना भूक लागलीय का?' मला नको ते."

मी खाली बघत ऐकत होतो. तेव्हा कळलं की मी अजून उभाच आहे. मी पटकन त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो.

तेवढ्यात स्टेशनच्या गणवेशातली एक बाई आली. पन्नाशीची असेल, टोपी, पांढरे हातमोजे, बरोबर एक रिकामी व्हीलचेअर. मी उठून इंग्रजीत सांगायला लागलो, "माय फादर-इन-लॉ..." तिनं माझ्याकडे पाहून किंचित मान झुकवली आणि मला ओलांडून ती अप्पांसमोर गेली. खुर्ची बाजूला ठेवली आणि दोन्ही गुडघे टेकून त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशी बसली. मग अप्पांना जपानीत काहीतरी विचारलं. अगदी सावकाश.

"पाय बधिर झालेत," अप्पांनी तितक्याच सावकाश शुद्ध मराठीत सांगितलं. "पाच मिनिटांत बरे होतात. पण आज जरा वेळ लागतोय."

तिनं मान डोलावली. पुन्हा काही बोलली.

"हो, मणक्याचं आहे. जुनं आहे."

दोनतीन मिनिटं दोघांचं चाललं होतं. शब्द एकमेकांचा एकही कळत नव्हता, पण कुणी घाईत नव्हतं. मग तिनं फोन काढला, त्यात बोलली आणि इंग्रजी भाषांतराचा स्क्रीन अप्पांपुढे धरला. माझ्यापुढे नाही, त्यांच्यापुढे. त्यावर लिहिलं होतं, 'आपल्याला कुठे जायची इच्छा आहे?'

अप्पांनी ते वाचलं. त्यांच्या मानानं फारच पटकन वाचलं. मग खिशातून बागेचं पत्रक काढून तिच्या हातात दिलं. तिनं तळवा वर करून हात पुढे केला, आणि माझ्या सासऱ्यांनी तो धरला आणि खुर्चीत बसले.

एकदम हलकं वाटलं मला. खांद्यावर इतका वेळ काही होतं, हेही तेव्हाच कळलं.

लिफ्टपाशी बाकीच्या तिघी भेटल्या. मेघनानं तोंड उघडलं, मी डोळ्यांनी दटावलं, तिनं मिटलं. ईशा म्हणाली, "नाइस राइड, आजोबा." माईंनी आपली पर्स आणि पाच डबे अप्पांच्या मांडीवर ठेवले. "बरं झालं. हात दुखत होता माझा."

गाडीच्या दाराशी त्या बाईनं फळी टाकून खुर्ची आत नेली, अप्पांना सीटवर बसवून ती परत आणली आणि फोनवर कुणालातरी काही सांगितलं. आम्ही उतरलो तिथे नेमक्या त्याच दारासमोर दुसरा माणूस दुसरी फळी आणि दुसरी खुर्ची घेऊन उभा. मेघना माझा दंड धरून हसायलाच लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. सकाळपासूनचं सगळं तिच्या अंगातून उतरत होतं. मग गाडीत मी तिच्या कानात सांगितलेलं तिला आठवलं. ती खुर्चीसमोर गेली, उकिडवी बसली आणि म्हणाली, "अप्पा, सॉरी. भूक लागलीय का तुम्हाला?"

अप्पांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी नजर चुकवली. "लागलीय," ते म्हणाले.

टॅक्सीनं बागेच्या फाटकाशी उतरलो, तर तिथे भिंतीशी दोन खुर्च्या घडी करून ठेवलेल्या. आमच्यापैकी कुणी काही म्हणायच्या आत अप्पांनी तिकिटाच्या काउंटरवरच्या मुलीला बोटानं खुर्ची दाखवली आणि मग स्वतःची छाती दाखवली.

बाग मी वर्णन करून सांगू शकणार नाही. मला गुलाब आणि झेंडू एवढंच कळतं. पण मधे एक तळं होतं आणि त्यातून पलीकडे जायला पाण्यात एकेक दगड मांडलेले होते. खुर्ची तिथे जाण्यातली नव्हती. मेघना आणि ईशा तळ्यातले मासे बघायला पुढे गेल्या. मी खुर्ची तळ्याच्या काठाशी नेली, ब्रेक लावला. माई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तू जा," अप्पा म्हणाले.

"राहू दे. इथूनच छान दिसतंय."

"अगं, मी बसलोय. आता मला थांबायला सोबत लागत नाही. जा."

माईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साडीच्या निऱ्या किंचित वर धरल्या, स्पोर्ट्स शूज घातलेला पाय पहिल्या दगडावर टाकला आणि निघाल्या. मी आधाराला पुढे सरकलो, पण तेवढ्यात त्या चौथ्या दगडावर होत्या. टकाटक, टकाटक. कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. बहात्तर वर्षांची बाई शाळकरी मुलीसारखी तळं पार करून गेली. मी त्यांना इतकं भरभर चालताना कधी पाहिलंच नव्हतं.

अप्पा खुर्चीत पुढे झुकून बघत होते.

"ही अशीच चालायची रे," ते म्हणाले. "लग्नानंतर मला हिच्या मागे पळावं लागायचं. सहा वर्षं माझ्या चालीनं चालली, आणि मला वाटलं, हिचंही वय झालं."

पलीकडच्या काठावरून माई वळून हात हलवायला लागल्या. अप्पांनीही हात वर केला, आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत खाली घेतला नाही.