तांबूचं रक्त आणि वैशाखाचं ऊन

गाईच्या रक्ताचा एक थेंब द्या, तिची अख्खी कुंडली मांडतो, असं मी चौपन्न साली इंदापूर तालुक्यात छाती काढून सांगत फिरायचो. गुरांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर मी, पुण्याहून आणलेली निळ्या औषधाची बाटली आणि एक काचेची पाटी. एवढ्यावर माणूस किती फुगतो, ते मला पाहून कळलं असतं.

त्या वैशाखात कुशाबाईंच्या लेकीचं, रतनचं, लग्न ठरलं. आंदण म्हणून रतननंच वाढवलेली तांबू गाय द्यायची होती, तीही गाभण. पण रतनचे होणारे सासरे, माळेगावचे आप्पासाहेब, अडून बसले. त्यांच्या गोठ्यात गाभ टाकायचा रोग शिरला होता, आणि गोठा आता कुठं सावरत होता.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले, "पर रगात तपासल्याबिगर गाय दारात घ्यायची न्हाय."

रतन आतून म्हणाली, "तांबू न्हाय तर मी बी न्हाय."

झालं! लग्न माझ्या पाटीवर येऊन बसलं. सगळ्यांना माझी विद्या दिसावी म्हणून मी भर दुपारी कुशाबाईंच्या अंगणात टेबल मांडलं. सकाळी काढलेलं तांबूचं रक्त गोठून वर पिवळसर पाणी सुटलं होतं. त्याचा थेंब निळ्या औषधात कालवला.

"रोग असला तर दाणे धरतील, नसला तर निळं ते निळंच राहील," मी समजावलं.

गरम वारा सुटला होता. बघता बघता थेंब फाटलेल्या दुधासारखा झाला. आत रतनला रडू फुटलं.

कुशाबाई पदर खोचून पुढं आल्या. "आता व्याह्यांच्या गाडीचं बैल बी तपासा. न्याव सारखा पायजे."

दोन्ही बैलांचं रक्त काढलं. ते गोठेपर्यंत सगळ्यांचा दोनदा चहा झाला. दोन्ही थेंबांना दाणे!

"बैलाला गाभ टाकायचा रोग?" आप्पासाहेब ताडकन उठले.

"नरालाही होतो हा रोग. माणसालाही होतो. पुस्तकात आहे," मी ऐटीत म्हणालो.

"आसं व्हय? मग तुमचं काढा."

मी बाही सारली आणि स्वतःच सुई टोचून घेतली. पुन्हा चहा. पुन्हा थेंब. काय सांगू तुम्हाला, साऱ्या पाटीवर माझ्याइतके टपोरे दाणे कुणाचे नव्हते.

"डाक्टर, कितवा म्हैना?" मागून कुणीतरी विचारलं आणि अख्खं अंगण हसून लोळलं. आप्पासाहेबही हसले, पण त्यांनी गाडी जुंपायला सांगितली.

तेवढ्यात पाटीच्या कोपऱ्यात मला नुसत्या औषधाचा एक थेंब दिसला. चुकून सांडलेला. त्यात रक्त नव्हतं, काही नव्हतं, आणि त्यालाही दाणे धरलेले! मग डोक्यात उजेड पडला. या वाऱ्यात थेंब कडेनं वाळतो, आणि वाळला की धडधाकट रक्तसुद्धा रोगट दिसतं.

"आप्पासाहेब, थांबा! रोग गाईला नाही, उन्हाला आहे!"

सगळं बिऱ्हाड मी माजघरात हलवलं. दारं लावली, खिडकीवर ओलं पोतं टाकलं, पाण्याच्या रांजणाशेजारी पाटी ठेवली. कंदिलाभोवती माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. मी सगळे थेंब नव्यानं कालवले. तांबूचा थेंब निळाशार, एकसारखा. दाण्याचं नाव नाही. बैलांचे दोन्ही तसेच. रतन हसली. आप्पासाहेबांनी तिथल्या तिथं कुशाबाईंच्या हातावर गूळ ठेवला, आणि मी आत गेलेली छाती पुन्हा बाहेर काढली.

"आन ह्यो चौथा कुणाचा?" आप्पासाहेबांनी बोट दाखवलं.

चौथ्या थेंबात टपोरे दाणे होते.

"हा... उन्हामुळं," मी म्हणालो.

"हितं कुठलं ऊन?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दोन महिने रोज संध्याकाळी मला ताप भरायचा, सांधे दुखायचे, अंगाला घामाच्या धारा लागायच्या. बायको म्हणायची, कुणाला तरी दाखवा. मी म्हणायचो, मीच डॉक्टर, उन्हाची बाधा आहे ही. गुरांचा रोग गुरांच्या डॉक्टरला पहिला धरतो, हेही त्याच पुस्तकात होतं.

कुशाबाईंनी दार उघडलं. बाहेर जाऊन त्यांनी तांबूचं दावं सोडलं आणि तिला पार पलीकडच्या खुंट्याला नेऊन बांधलं.

"राग मानू नका, डाक्टर," त्या म्हणाल्या, "पर जरा लांबच बसा. पोरीची गाय गाभण हाय."

मी निमूटपणे उठलो आणि उकिरड्याच्या बाजूला जाऊन बसलो.