सासरेबुवांचे दोन तास

अंतर आणि वेळ यांबाबत मला कुणी शिकवायला येऊ नये! अठरा वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात काढलीत मी. त्यामुळे सासरेबुवांचं, परदेशातल्या मुलाकडे जायचं विमानाचं तिकीट आलं, तेव्हा सगळं घर माझ्याच तोंडाकडे बघू लागलं. सासरेबुवा पंचाहत्तरीचे, विमानात पहिल्यांदाच बसणार.

मी तिकिटावर नजर टाकली. सुटणार नऊला, पोचणार अकराला. मिटला प्रश्न!

"दोन तास!" मी जाहीर केलं.

"एवढ्या लांब? दोन तासांत?" बायकोनं शंका काढलीच.

"अगं, विमान आहे ते! त्याला वळणं असतात की खड्डे?"

सासरेबुवांचा माझ्यावर आंधळा विश्वास. "जावईबापू म्हणतात म्हणजे दोनच," ते म्हणाले. हिरड्यांना टोचते म्हणून कवळी मोठ्या बॅगेत टाकू का, असंही त्यांनी विचारलं.

"खुशाल टाका! दोन तासांत चावायचंय काय?"

ती बॅग गेली विमानाच्या पोटात. सकाळी नऊला विमान उडालं. ठोक्याला अकरा वाजता मी ऐटीत मेहुण्याला फोन लावला. "पोचले का बाबा?"

"भाऊजी," जांभई देत तो म्हणाला, "इथे पहाटेचे साडेपाच वाजलेत!"

"पण तिकिटावर अकरा..."

"ते इथले अकरा! आमची घड्याळं साडेपाच तास मागे. साडेसहा हजार किलोमीटर आहे, भाऊजी, साडेसात तास लागतात!"

फोन स्पीकरवर होता. धरणी दुभंगायला तयार नव्हती, नाहीतर मी उडीच घेतली असती.

"आणि त्यांची कवळी?" बायको एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला.

"पोचले! पण दोन तास झाल्याबरोबर पिशवी छातीशी धरून दारापाशी उभे राहिले म्हणे. उतरायचंय! हवाईसुंदरीनं समजावलं, तर तिलाच म्हणाले, तुमचा ड्रायव्हर रस्ता चुकलाय, माझे जावई मोजणीत आहेत! कवळी नाही, त्यामुळे तिला 'मोजणी'चं 'भोजन' ऐकू आलं. तिनं ताट आणलं. चावणार कशानं? नुसत्या दुधावर आलेत. थांबा, देतो त्यांना."

'बाबा, माझंच चुकलं,' हे वाक्य मी ओठांवर तयार ठेवलं. पण आधी त्यांचाच थकलेला आवाज आला.

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका हं. हा काहीतरी घड्याळाचं सांगतोय, मी ऐकूनच घेतलं नाही. तुमचा हिशेब बरोबरच होता. पायलट नवखा असणार!"

बायको समोर हाताची घडी घालून उभी. खरं बोलायची हीच वेळ होती. आणि मी, सांगायलाही लाज वाटते, म्हणालो,

"हो ना, बाबा! हल्ली घेतात कुणालाही!"