रणगाड्याचं बारसं

आमच्या नगराध्यक्षा बाईंना 'रणगाडा' हे नाव मी ठेवलं! लोक काहीही सांगोत. मी तेव्हा नगरपालिकेत नवा टायपिस्ट होतो. नोकरी अजून कच्ची होती, जीभ मात्र पहिल्या दिवसापासून कायम झालेली! भर चौकातलं एक बेकायदा दुकान बाईंनी स्वतः उभं राहून हटवलं, आणि चहाच्या खोलीत माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई कसल्या, रणगाडा आहे!" सगळे खो-खो हसले. बाहेर पडून पाहतो तर गावभर तेच नाव! माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं रडकुंडीला आली.

काय दिवस होते ते! बाई खोलीबाहेर पडल्या की जिन्यावरचा शिपाई हात वर करायचा. मग टेलिफोनच्या बोर्डावरच्या मावशी एकेका खात्याला कळवायच्या, "रणगाडा निघाला!" लगेच कपबशा टेबलाखाली, आणि सगळ्यांची नाकं फायलीत.

एके दुपारी मावशी म्हणाल्या, "अरे, दोन घास खाऊन येते. बसतोस का जरा?"

"निश्चिंत जा, मावशी! त्यात काय एवढं?"

त्यात बरंच होतं. थोड्याच वेळात शिपायाने हात वर केला. (तो आळस देत होता, हे नंतर कळलं.) एकेका खात्याला कोण सांगत बसणार? मी डोकं चालवलं, सगळ्या वायरी एकदम खोचल्या आणि ओरडलो, "रणगाडा निघाला! कपबशा लपवा!"

पलीकडून शांत आवाज आला, "अजून निघालेला नाही. चहा पितोय. तुम्ही जरा वर या."

बाईंच्या खोलीची वायरही मीच खोचली होती!

नोकरी गेलीच! घरी आईला काय सांगू? तेवढ्यात मावशी धावत आल्या, हेडक्लार्कही आले, आणि दोघं मला मधे घालून वर घेऊन गेले.

"हे नाव कुणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"मी, बाई," हेडक्लार्क पुढे झाले. "पोराला सोडा. त्याची नोकरी कच्ची आहे."

"यांचं काय ऐकता, बाई? मीच ठेवलं," मावशी म्हणाल्या.

अशी माणसं आता कुठे मिळतात हो? मी गुपचूप उभं राहायला हवं होतं. पण माझं नाव दुसऱ्याच्या नावावर जाताना बघवेना! "साफ खोटं!" मी ओरडलो. "ते माझं आहे!"

बाई खुर्चीत मागे रेलून हसत सुटल्या. "तुम्ही नोकरीला लागलात कधी?"

"मागच्या वर्षी."

"मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा विरोधक मला 'बाहुली' म्हणायचे. भिंतींवर बाहुल्या काढल्या होत्या, पोरंटोरं हसायची. मी घरी खूप रडले. मग आमच्या यांना दाढी करायला पाठवलं आणि सांगितलं, न्हाव्यापाशी सहज बोला, घरी आम्ही हिला रणगाडा म्हणतो. संध्याकाळपर्यंत बाहुली गेली! दहा वर्षं झाली त्याला."

म्हणजे चहाच्या खोलीत सगळे हसले होते ते मला!

"बरं, तुम्हाला इथे काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"मला? छे! मला कोण नाव ठेवणार?"

हेडक्लार्क छताकडे पाहू लागले. मावशींनी तोंडात पदर कोंबला.

"अगं बाई," बाई हळूच म्हणाल्या, "यांना सांगितलेलं नाही वाटतं!"

पुढे नोकरी पक्की झाली, बाईंनीच केली. आता बाई नाहीत, मावशी नाहीत, तो बोर्डही नाही. मीही हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना हात जोडून विचारलं, आता तरी सांगा! सगळा हॉल पोट धरून हसला, पण सांगितलं कुणीच नाही.