दोन मिनिटं चाळीस सेकंद

वरवट बकालच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त सकाळी अकराचा होता आणि साडेनऊ वाजता मलिहाचा नवा सर्व्हर दुसऱ्यांदा बंद पडला.

फाटकावर टोकन देणारा एक, वजनकाट्याचा एक आणि पावती छापणारा एक, असे तीन म्हातारे कॉम्प्युटर आजवर जिनिंग चालवत होते. त्यांतला एक तरी रोज रुसायचा. मलिहानं महिनाभर मॅनेजर भाऊरावांच्या मागे लागून त्यांना गळ घातली होती की एकच दणकट सर्व्हर घ्या, त्यात हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर टाकते, मग त्या एकाच्या पोटात तिन्ही कॉम्प्युटर चालतील. भाऊरावांना ही गोष्ट पटली नव्हती, पण पोरीची चिकाटी पटली होती. "अकराले पहिली गाडी मोजल्या गेली तर तू नोकरीत पक्की," त्यांनी सांगितलं होतं, "नाही तर तुहं मशीन वापस अन् तूही घरी." तिकडे वडनेर भोलजीला तिचे अब्बा नजीरभाई गाद्या भरता भरता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते की पोरगी जिनिंगची इंजिनिअर झाली. त्यामुळे घरी परत जाणं तर फारच अवघड होतं.

सर्व्हर ठेवला होता कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या मागच्या खोलीत, कारण कूलर तिथंच होता. स्क्रीन होता काटाघरात. म्हणजे खोलीत जाऊन बटण दाबायचं, मग अख्खं पटांगण ओलांडून काटाघरात पळायचं आणि काय दिसतं ते बघायचं. दिसायचं ते असं: आधी कंपनीचं नाव, मग भराभर पळणारे आकडे, आणि मग अंधार.

"पेनड्राइव्ह खराब असन," मलिहा स्वतःशीच म्हणाली आणि तिनं तो बदलला. अंधार. सर्व्हर सुरू होताना आधी कुठं बघतो, तो क्रम बदलला. अंधार. तिनं मोबाइलवर वेळ लावून पाहिली. दर वेळी दोन मिनिटं चाळीस सेकंद, एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या माणसाला हे ऐकून आनंदच झाला. "म्हणजे फॉल्ट पक्का आहे, मॅडम. मेमरीच्या चार पट्ट्यांतली एक काढून बघा."

तिनं पट्टी काढली, बटण दाबलं, पळाली. या वेळी सर्व्हर चक्क चार मिनिटं जगला! मलिहानं काटाघरात टाळ्या पिटल्या. मग अंधार झाला, पण आता तिला वाट सापडली होती. एका पट्टीनं सव्वा मिनिट वाढतं, तर दुसरीही काढू. तिनं दुसरीही काढली. सर्व्हर दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर परत आला. एवढं शिकलेली पोर, पण त्या क्षणी तिला रडूच आलं.

फाटकाबाहेर एव्हाना तीस-पस्तीस गाड्यांची रांग लागली होती. पहिल्या ट्रॅक्टरवर पुंजाजी होते आणि ट्रॉलीतल्या पांढऱ्याशुभ्र कापसावर आरतीचं ताट घेऊन त्यांच्या वच्छलाबाई बसल्या होत्या. गेल्या वर्षी बीटी बियाण्याच्या भरवशावर बसलेल्या सगळ्या शिवाराला गुलाबी बोंडअळीनं धुऊन काढलं होतं. यंदा बोंडं चांगली फुटली होती आणि माणसांना हसावंसं वाटत होतं.

"काऊन थांबलं वो?" पुंजाजी ओरडले. "मांगच्या साली अळीनं अडोलं, औंदा कॉम्प्युटरनं अडोते काय?"

"फवारा मारून पाह्य बाई त्याच्यावर!" मागून कुणीतरी सुचवलं आणि रांग खदखदली.

भाऊरावांनी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. "जुने कॉम्प्युटर पुसून ठेवाले सांगतलं मी," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं शांतपणे बोलणंच वाईट असे.

"एकडाव साहेब. फक्त एकडाव."

मलिहानं पट्ट्या परत बसवल्या, बटण दाबलं आणि पळत सुटली. काटाघरात स्क्रीनवर आकडे पळू लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की मोबाइल खोलीतच राहिला. ती धावत खोलीकडे परतली आणि दारातच थबकली.

आत मोतीरामकाका उभे होते. तीस वर्षं जिनिंगचे फिटर. एक हात भिंतीवरच्या स्विचबोर्डावर आणि दुसरा सर्व्हरच्या पाठीवर. "होय, होय, शांत हो माय," असं म्हणत त्यांनी खटका पाडला.

"काका! हे काय करून राह्यले?"

"तुही मशीन वाचवून राह्यलो," काका अभिमानानं म्हणाले. "सकाळपासून सातव्यांदा. सुरू झाली का बोंबलते पाह्य कशी! जिनिंगमंधी मशीन बोंबलली का आधी खटका पाडाचा, मंग इचाराचं. आग अशीच लागते बाप्पा कापसाले. थंडी झाली का मी परत खटका चालू करून ठेवतो, तुले तरास नको म्हणून."

प्रेसवरून हातमोजे काढून इथवर चालत यायला काकांना बरोबर दोन मिनिटं चाळीस सेकंद लागत. चार मिनिटं लागली तेव्हा ते तंबाखू मळत होते.

मलिहाला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. शेवटी ती हसलीच. "काका, सुरू होतानी त्याचे पंखे असेच बोंबलतात. आग नाही लागत. पण मधातच बंद केलं का बिघडते ते. कधीच बंद नाही कराचं, समजलं?"

काकांचा चेहरा पडला. तिनं खटका चालू केला, पुन्हा बटण दाबलं आणि त्यांचा हात धरून त्यांना काटाघरात नेलं. तिथंही प्रेसच्या मागून सर्व्हरचा आक्रोश ऐकू येत होता. काका दोनदा उठले, दोनदा तिनं बसवलं. पाच मिनिटं. सहा. आवाज उतरला, आणि स्क्रीनवर एकामागून एक तीन चौकटी उघडल्या: टोकन, वजन, पावती.

अकराला एक मिनिट कमी होतं. वच्छलाबाईंनी काट्याला कुंकू लावलं, ट्रॉली काट्यावर चढली, वजन उमटलं, पावती सरसर बाहेर आली आणि रांगेनं जल्लोष केला. मलिहाच्या डोळ्यांत पाणी आलं, यावेळी आनंदाचं.

"बिघाड कायचा होता?" भाऊरावांनी विचारलं. काका पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागले.

"आवाजाचा, साहेब," मलिहा म्हणाली. "मोतीरामकाकांच्याच ध्यानात आला."

"पाह्यलं? जुना माणूस!" भाऊराव खुलले. "तू पक्की, पोरी. अन् मोतीराम, त्या खोलीची किल्ली आजपासून तुह्यापाशी."

आठवड्यानं सॉफ्टवेअरच्या एका सुधारणेसाठी सर्व्हर बंद करून चालू करायचा होता. मलिहा गेली तर खोलीला कुलूप आणि दारात खुर्ची टाकून काका.

"काका, उघडा नं. दोन मिनिटं बंद करतो."

"बंद?" काका उठून दाराला पाठ लावून उभे राहिले. "मी असतानी? तुले मशीनीतलं काही समजते का नाही, पोरी?"