निवेदितासाठी आणलेली बाटली

"मॅडम, बाळंतपणात बाईले सलाईन लावाच लागते का?"

अर्पितानं भर वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या मैत्रिणी राखी आणि महामाया बाकाखाली तोंड लपवून बसल्या. पैज त्यांनीच लावली होती. आरोग्य केंद्राच्या सिंधूताई नर्स दहावीच्या मुलींना माहिती द्यायला आल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर 'बाळंतपण' हा शब्द मोठ्यानं म्हणणारीला कचोरी मिळणार होती.

सिंधूताई काही लाजल्या नाहीत. "सगळं ठीक असलं, बाई खाऊन-पेऊन राह्यली, तं नुसत्या पाण्यासाठी कशाले टोचाचं? ज्याच्या तोंडानं जात नाही त्याले लावतात. नाहीतर डॉक्टरनं औषधासाठी सांगितलं तं."

अर्पितानं कचोरी खाल्ली, आणि तेव्हापासून बाळंतपणातलं आपल्याला सगळं कळतं अशा थाटात ती वावरू लागली.

आठच दिवसांनी, गुरुवारी सकाळी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या तिच्या बहिणीला, निवेदिताला, कळा सुरू झाल्या. आरोग्य केंद्रात सिंधूताईच ड्यूटीवर होत्या. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं, निवेदिता भिंतीला धरून व्हरांड्यात फेऱ्या मारू लागली. तेवढ्यात बीबी गावाहून तिच्या सासूचा, विमलबाईंचा फोन आला.

"सलाईन लावली का नाही?"

"लावली नं," बाबा म्हणजे रमाकांत घाईनं म्हणाले. "दुसरी चालू हाय."

"आमच्या मोठ्या सुनेले तीन लागल्या होत्या. मी व्हिडिओ कॉल करते मंग."

झालं. बाबा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे पळाले आणि बाटली, नळी, सुई घेऊन आले. सिंधूताईंनी हातसुद्धा लावला नाही. "पोरगी चालून-फिरून राह्यली. तिले पाणी पाजा."

"पाणी?" आई, प्रेमला, दचकलीच. "कळा येऊन राह्यल्या अन् पाणी? ओकारी होईन. माह्या टायमाले मले थेंब नव्हता देल्ला." सिंधूताई आत जाताच तिनं पाण्याची बाटली स्वतःच्या पदराखाली घेतली. निवेदिता ओठांवरून जीभ फिरवत राहिली.

अर्पिताचं डोकं फिरलं. "तुले नाही देल्लं म्हणून तिले नाही द्याचं, हा काय न्याय झाला, आई?"

"तू लहान हायेस. बाहेर जाय."

अर्पिता बाहेर गेली ती थेट चहाच्या टपरीवर. शाळेच्या बाटलीत लिंबू, साखर, चिमूटभर मीठ घालून पाणी आणलं. मग दर अर्ध्या तासानं ती बहिणीला बाथरूमला नेऊ लागली.

"पोटात पाण्याचा थेंब नाही," चौथ्या फेरीला आई पुटपुटली, "अन् हे येऊन कुठून राह्यलं बाप्पा?"

तिकडे बाबांनी शेगावच्या दिशेनं हात जोडून मन्नत केली होती. लेकरू हाती येईपर्यंत पाणी तोंडात घेणार नाही. गुरुवारचा उपास होताच. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रे आणि काखेत ती सलाईनची बाटली. निवेदिताला आत घेतलं आणि इकडे तीनच्या सुमारास बाबा बाकावरून हळूच खाली घसरले.

त्यांना उचलून खाटेवर टाकलं. डॉक्टरांनी साखर-मिठाचं पाणी द्यायला सांगितलं. बाबांनी दात घट्ट आवळले.

"अहो, प्या नं थोडं," आई रडकुंडीला आली.

"मन्नत हाय. तोंडानं नाही."

डॉक्टरांनी पुन्हा रक्तदाब पाहिला आणि मान हलवली. सिंधूताईंनी अर्पिताकडे पाहिलं, अर्पितानं बाबांच्या काखेकडे.

"ज्याच्या तोंडानं जात नाही त्याले लावतात," अर्पिता म्हणाली.

डॉक्टरांनी होकार दिला, आणि पाच मिनिटांत बाटली स्टँडवर होती.

ती अर्धी झाली असेल-नसेल, तोच आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि त्याच मिनिटाला आईच्या हातातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आईनं गडबडीत फोन वर धरला. "हे पाहा विहीणबाई, सलाईन चालूच हाय."

"बरं झालं बाई. आता निवेदिताचं तोंड दाखवा."

आईचा हात नळीच्या बाजूनं खाली आला. पडद्यावर आधी कोपर आलं, मग बाबांच्या मिशा.

विमलबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग सावकाश म्हणाल्या, "व्याही बाळंत झाले का?"

तेवढ्यात सिंधूताईंनी दारातून "मुलगी! दोघी चांगल्या हायेत" म्हणून सांगितलं, आणि अर्पितानं फोन हिसकून घेतला. "मावशी, ताई आत हाय. मुलगी झाली, दोघी चांगल्या हायेत. सलाईन एक बी नाही लागली. दिवसभर लिंबूपाणी पेली ताई."

"लिंबूपाणी?" आई म्हणाली.

"दोन बाटल्या. मीच पाजलं." अर्पितानं फोन बंद केला आणि दोघांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "धडधाकट माणसाच्या नसात पाणी, अन् जिले तहान लागली तिच्या तोंडाले कुलूप. ऐका आता. सोमवारी शाळेत परिपाठ माह्याकडे हाय. मी पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यायले हे सांगणार हाय."

बाबा उठायला गेले. "हात हलवू नका," दारातून सिंधूताई म्हणाल्या, "अर्धी बाटली बाकी हाय."

बाबा मुकाट्यानं आडवे झाले. "सांग बापा. पण नाव नको घेऊ."

"घेणार," अर्पिता म्हणाली. "आडनावासकट."