गेटावरचे बेंजीकाका

मी एखाद्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला, की दोन दिवसांनी बेंजीकाका त्या कंपनीच्या गेटासमोर जाऊन बसत. आत जात नसत. समोरच्या बसस्टॉपवर थर्मासमधला चहा झाकणात ओतून घ्यायचा, शेंगदाण्याची पुडी उघडायची आणि सुट्टी होईपर्यंत बसून राहायचं. सुट्टी झाली की बाहेर पडणाऱ्या माणसांची तोंडं बघायची. संध्याकाळी रामल्याला परत आले की आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अहवाल.

"बासष्ट माणसं बाहेर आली. हसत होती चार. त्यातली दोघं एकमेकांना हसत होती, ती काय धरायची नाहीत. तू नको जाऊस गो तिथं."

"काका, अजून त्यांनी मला बोलावलंसुद्धा नाही."

"मग बरंच झालं. आपणच नको म्हटलं असं समज."

बेंजीकाका किहीमकर आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत, आम्ही तळाला. मी पाचवीत असताना माझे वडील ठाण्यात वारले आणि इतर मराठी ज्यूंसारखी आई मला घेऊन इस्राएलला, रामल्या गावी आली. घर मिळालं ते योगायोगाने काकांच्या खाली. आई वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचं काम करायची. काका बसच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. त्यामुळे त्यांना देशभर बसचा प्रवास फुकट होता, आणि फ्लोराकाकू गेल्यापासून घरात थांबायला कारण नव्हतं.

मला केमिस्ट्रीची डिग्री मिळाली ते दिवस नोकऱ्यांच्या बाबतीत फार वाईट होते. इतकी वर्षं ज्यांच्याकडे बघून आम्ही शिकलो ती मोठमोठी माणसं कामावरून काढली जात होती. पूर्वी लोक शुक्रवारचं वर्तमानपत्र घेऊन जाहिरातींवर पेनाने गोल करायचे. आम्ही इंटरनेटवाली पहिली पिढी. मी एका मैत्रिणीचा जुना कॉम्प्युटर आणला होता. तो टेलिफोनच्या वायरीला जोडला की आधी बराच वेळ किंचाळायचा, मग गप्प व्हायचा, मग लागायचा. तो लागला की फोन बंद. मग अश्केलोनची मावशी शेजाऱ्यांकडे फोन करून विचारायची, "तुमच्या खालची माणसं जिवंत आहेत ना?"

नोकऱ्यांच्या साइटवर आपली माहिती टाकायची, खाली बटण दाबायचं, की अर्ज गेला. पहिल्या आठवड्यात मी चाळीस ठिकाणी बटण दाबलं. एका ठिकाणाहून मिनिटाच्या आत उत्तर आलं: आपला अर्ज आमच्याकडे पोचला, आपण आमच्यात रस दाखवल्याबद्दल मनापासून आभार. मी आईला ते वाचून दाखवलं. आईने 'मनापासून' एवढंच ऐकलं आणि अश्केलोनला फोन करून माझी नोकरी लागल्याचं सांगून टाकलं. ते उत्तर मशीन देतं, हे तिला समजवायला मला दोन दिवस लागले. मावशीला अजून समजलेलं नाही.

बेंजीकाका याच सुमारास माझ्या नोकरीत शिरले. मी माझा अर्जाचा कागद तपासत होते. हिब्रूत त्याला 'कोरोत खाईम' म्हणतात, म्हणजे आयुष्यात घडलेल्या गोष्टी.

"आयुष्यात घडलेल्या गोष्टी एका पानात?" काकांनी चष्मा वर केला. "तुझ्या तरी काय घडल्यात म्हणा. अर्ध्या पानात बसतील." मग त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "आणि ह्या कंपनीच्या कोरोत खाईम कुठायत?"

मी त्यांना कंपनीचं पान उघडून दाखवलं. चकचकीत इमारत, पांढऱ्या कोटातली हसरी माणसं, हातात परीक्षानळ्या.

"हे फोटो आहेत गो. फोटोत आमचा सुपरवायझरपण हसायचा." काका उठलेच. "इंटरनेट म्हणजे एजंट. एजंट कधी मुलाचं व्यंग सांगतो? तोंड बघायला पाहिजे. सुट्टीच्या टायमाला माणसाचं तोंड खोटं बोलत नाही."

'तोंड बघायला पाहिजे' हे त्यांचं सगळ्या गोष्टींना लागू पडणारं वाक्य होतं. बाजारात ते मासळीचं तोंड बघत आणि निवडणुकीत उमेदवाराचं. एकदा डॉक्टरने औषध लिहून दिलं तेव्हा काका त्याच्या तोंडाकडे एवढा वेळ बघत राहिले की त्याने औषध बदललं.

गेटांचं त्यांचं शास्त्र हळूहळू वाढत गेलं. सुट्टी झाल्यावर गेटाबाहेर उभं राहून लोक पाच मिनिटं गप्पा मारत असतील, तर कंपनी फर्स्टक्लास. बसकडे पळत असतील तर मध्यम. आणि गेटाच्या आतच सिगारेट पेटवत असतील तर आत लाखात आहे. लाखात म्हणजे हिब्रूत ताण. काका मराठी बोलताना मुंबई सोडली तेव्हाची मराठी बोलत, पण ताण त्यांना इथेच भेटला असावा, कारण त्याला त्यांच्याकडे मराठी शब्द नव्हता.

बसचे ड्रायव्हर त्यांना वर्कशॉपपासून ओळखायचे. स्टॉपवर गाडी थांबवून विचारायचे, "बेंजी, येतोस?"

"आत्ता नाही. ड्युटीवर आहे."

पण ते दिवस बॉम्बस्फोटांचे होते, त्यामुळे कुठल्याही गेटासमोर पिशवी घेऊन बसलेल्या माणसाकडे कुणी प्रेमाने बघत नसे. एका काचेच्या इमारतीसमोर काका साडेतीन तास बसले. चौथ्यांदा त्यांनी घड्याळ बघितल्यावर तिथल्या शोमेरने, म्हणजे पहारेकऱ्याने, पोलीस बोलावले. पोलिसांनी थर्मास लांब ठेवायला लावला, काकांना भिंतीशी उभं केलं आणि इथे काय करतोस म्हणून विचारलं.

"पोरीच्या स्थळाची चौकशी," काकांनी हिब्रूत सांगितलं.

"कोणाशी लग्न करतेय?"

काकांनी इमारतीकडे हात केला. "ह्यांच्याशी."

त्यातला एक पोलीस यमनहून आलेल्या घरातला होता. तो म्हणाला, माझ्या आईने माझ्या बहिणीसाठी असंच केलं होतं, आणि त्याने थर्मास परत दिला. वर चहाही प्यायला.

मला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं, तेही त्याच इमारतीत. सहा महिन्यांतली ती माझी पहिली मुलाखत होती. समोरच्या बाईंनी माझा कागद वाचला, मान डोलावली, दोन प्रश्न विचारले आणि मग सहज म्हणाल्या, "काल इथे एक भारतीय म्हातारे थर्मास घेऊन बसले होते. कोणत्या तरी मुलीसाठी आले होते म्हणे. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

ती नोकरी मला मिळाली नाही. का मिळाली नाही, हे कुणालाच माहीत नाही. पण घरी येताना मी ते पूर्णपणे काकांच्या नावावर टाकलं. मी दोन जिने चढून गेले आणि दारातच उभी राहून बोलले. तुम्हाला कोणी सांगितलं होतं, तुम्ही माझे कोण, माझ्या नोकरीत पुन्हा पडायचं नाही. काका हातात कांदा घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेसेदेर," ते म्हणाले. ठीक आहे. आणि कांदा चिरायला आत गेले.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. आई वर भाजी पोचवायची आणि खाली येऊन माझ्याशी न बोलता भांडी घासायची. पण मुलाखतीत 'नाही' हा शब्द मी तोंडातून काढला होता, तो मलाच सलत होता. त्यांच्यावर ओरडले होते ते नंतरचं.

आणि मग एकदम नोकरी आली. किर्यात गात या गावात रंगांची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा होती. साइटवरून अर्ज केला, दोन दिवसांत फोन आला, फोनवरच मुलाखत झाली, आणि तिसऱ्या दिवशी करार ईमेलने. पगार माझ्या अपेक्षेच्या दीडपट. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, येऊन सही करा. मी काढून आणलेला कराराचा प्रिंट आईने शब्बातच्या मेणबत्त्यांशेजारी ठेवला.

मला आनंदच झाला होता. पण गुरुवारी दुपारी मी आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि किर्यात गातची बस पकडली. मी काय करायला चालले आहे हे मला स्वतःलाही कबूल करायचं नव्हतं.

प्रयोगशाळा औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होती. मी रस्त्याच्या अलीकडच्या बसस्टॉपवर जाऊन बसले. समोर, पलीकडच्या स्टॉपवर, थर्मासच्या झाकणातून चहा पीत बेंजीकाका बसले होते. आईने भाजीबरोबर बातमीही वर पोचवली असणार.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकांनी ताबडतोब दुसरीकडे मान फिरवली, जणू ते बीरशेबाला निघाले होते. मी रस्ता ओलांडला.

"तुम्हाला नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"तुझ्यासाठी नाही आलो. मी आपला असाच." मग त्यांनी विचारलं, "तू इथं काय करतेस?"

"मीपण अशीच."

"मग बस. शेंगदाणे खा."

पाच वाजले. कोणी आलं नाही. साडेपाचला एक माणूस बाहेर आला तो मान खाली घालून गाडीत बसला. सहानंतर माणसं निघू लागली, पण एकेक. शुक्रवार-शनिवारची सुट्टी लागली होती, तरी कोणी कोणाला 'शब्बात शालोम' म्हणेना. काका मोजत नव्हते. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतंच.

शेवटी माझ्याच वयाची एक मुलगी आली आणि आमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. बसली आणि रडू लागली. आवाज न करता, सवय असल्यासारखी. बस लांब वळणावर दिसली तशी तिने पर्समधून आरसा काढला, डोळे पुसले, लिपस्टिक लावली.

मी न राहवून विचारलं, "तू इथे काय काम करतेस?"

"रंग तपासते. पण रविवारी शेवटचा दिवस." तिने आरसा मिटला. "माझ्या जागी दुसरी मिळाली म्हणे. ह्या जागेवरची ह्या वर्षातली तिसरी. घरी सांगू नकोस हं," ती म्हणाली आणि मग स्वतःच हसली, कारण मी तिच्या घरच्यांना ओळखत नव्हते. बस आली, ती गेली.

परतीच्या वाटेवर मी काकांना म्हटलं, "मी त्या दिवशी तुम्हाला ओळखत नाही असं सांगितलं."

"मुलाखतीत?"

"हो."

"बरं केलंस. मी असतो तर मीपण तेच सांगितलं असतं," ते म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले, की झोपल्यासारखं केलं.

रविवारी मी सही केली नाही. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी खूप बोलली. दीडपट पगार कोण सोडतं, या देशात तुझ्यासाठी कोण थांबलंय, म्हाताऱ्याच्या नादी लागून वेडी झालीस. मी कॉम्प्युटर किंचाळवत राहिले आणि बटणं दाबत राहिले.

पाच आठवड्यांनी रामल्याच्या बाहेरच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. काकड्या मिठाच्या पाण्यात मुरवून डब्यात भरायचा कारखाना. साइटवर त्यांचं धड पानही नव्हतं, एक वाकडा फोटो आणि फोन नंबर. त्यांना पाण्याची आणि आंबटपणाची तपासणी करणारं माणूस हवं होतं. पगार बेताचा.

या वेळी मी स्वतः वर जाऊन काकांना सांगितलं, "उद्या साडेतीनला सुट्टी होते."

दुसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात काकडीचा एक मोठा डबा होता. "शोमेरने दिला. त्याची मुलगी लष्करात आहे, हे बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रत्येकजण विचारत होता, तिचा फोन आला का. दोन बायका गेटात उभ्या राहून अर्धा तास भांडत होत्या."

"भांडत होत्या?"

"वांग्यात साखर घालायची की नाही ह्यावर. फर्स्टक्लास कंपनी."

नोकरी मिळाली. आईने एलियाहू हन्नावीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने करतात तो नवसाचा मलिदा केला: पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर पाच तऱ्हेची फळं. अश्केलोनची मावशी आली आणि तिने दुसरी नोकरी लागल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मला कितीतरी महिन्यांनी खांदे हलके वाटत होते. काका थोडा वेळ बसले आणि लवकर उठून गेले, म्हणून मी त्यांच्या वाटणीचा मलिदा घेऊन वर गेले.

ते स्वयंपाकघरात बसले होते. भिंतीवर फ्लोराकाकूंचा फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला. मी पहिल्यांदाच विचारलं, "काका, हे गेटावर बसायचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

ते पोहे चिवडू लागले.

"आम्ही इथं आलो तेव्हा फ्लोराला झिपांच्या कारखान्यात मी लावलं. वर्कशॉपमधल्या एकाने सांगितलं, जागा आहे, बस दारात थांबते. मी म्हटलं, घे. तिने घेतली. एकोणीस वर्षं गेली. सकाळी ती काही खायची नाही, नुसतं पाणी पिऊन निघायची. मला वाटायचं, ह्या बाईला सकाळची भूक नसते. असतात अशी माणसं. रिटायर झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो तर ही दोन चपात्या खात बसली होती. मुरंबा लावून. मी विचारलं, आज भूक कशी? तर म्हणाली, रोज पोटात गोळा यायचा हो, आज आला नाही."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"माझ्याकडे फुकट पास होता गो. एकोणीस वर्षांत एक दिवस तिच्या गेटावर गेलो असतो."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं का नाही?"

"मी विचारलं का नाही?" त्यांनी शेवटचे पोहे बोटाने गोळा करून खाल्ले. "दीड वर्ष जेवली सकाळची. रोज. मी समोर बसून बघायचो. मग गेली."

रविवारी सकाळी मी कामाला निघाले. इमारतीतून बाहेर पडले तर वरून हाक आली. काका बनियनवर गॅलरीत उभे होते.

"एस्तेर! काय खाल्लंस?"

सगळी इमारत ऐकत होती. मी मान वर केली.

"एक अंडं. दोन चपात्या."

"आणि?"

"चहा. आणि आईने आग्रह केला म्हणून थोडा मलिदा."

"बेसेदेर," बेंजीकाका म्हणाले. "जा मग." आणि आत जाऊन त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं.