पवनानगरची जपानी

कामशेतच्या जीपमध्ये बसून तेजलने फोनवर मैत्रिणीला सांगितलं, "ठरलं, जॉर्जियन भाषाच घेणार! भूतकाळात कर्त्याला आपल्या ‘ने’सारखाच प्रत्यय लागतो त्यांच्यात!" भाषाशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून मोठं सुख नसतं. पण पवनानगरच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि रिकाम्या बसलेल्या माणसांना विषय हवाच असतो.

"तितं नोकरी हाय का?" मागून गेणूआबांनी विचारलं.

"नोकरीसाठी नाही आबा, अभ्यासासाठी."

"म्हंजे न्हाई. जपानी घे. तळेगावात लय कंपन्या हाईत."

"जर्मन घे गं," शेजारच्या बयाबाई म्हणाल्या. "माजी भाची जर्मन शिकून तिकडंच नांदती."

"तुज्या भाचीचं हितं काय?" आबा म्हणाले.

तेजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीभ वळवणार ही, आणि पसंती मात्र जीपची! इकडे शब्दाने शब्द वाढला आणि बयाबाई तणतणत खाली उतरल्या. ड्रायव्हर कैलासने नुकतंच चालू केलेलं इंजिन बंद केलं.

"एक शीट भरल्याबिगर जमायचं न्हाई."

पुण्यात नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस होता. तेजलने हात जोडले. "मावशी, बसा. जर्मन घेते."

बयाबाई चढल्या आणि गेणूआबा उतरले.

"आबा, पयल्या वर्षी जपानी, दुसऱ्या वर्षी जर्मन! आता तरी बसा!" ती ओरडली. तेव्हा कुठे जीप हलली. पुण्यात पोचल्या पोचल्या तिने जॉर्जियनच्या वर्गात नाव घातलं. खोटं बोलल्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात जीपमध्ये आबांनी गाठलं. "जपानीत रामराम कसं घालत्यात?"

"गामार्जोबा," तिने दात खात जॉर्जियनमधला रामराम फेकला. म्हटलं, पीडा टळेल. पण पीडा जीपभर पाठ झाली, मग धरणाकाठच्या तंबूवाल्यांना आली, आणि पुढे लोहगडवाडीच्या भजीवाल्यांपर्यंत पोचली.

पावसाळा सरला आणि धरणावर खरोखरच जपानी पाहुणे उतरले. संध्याकाळी गेणूआबा तेजलच्या दारात आले, रागाने लालबुंद.

"कसलं जपानी गं हे? सारं गाव गामार्जोबा घालतंय, आन् एकाला कळंल तर शप्पत! सोताची भाषा इसरलेत लेकाचे."

तेजल हळूच दार लोटू लागली.

"चल, चप्पल घाल," आबा म्हणाले. "सरपंचांनी बोलावलंय. त्या पाव्हण्यांना जपानी शिकवायचीय."